तांदूळ वाढले

आमच्या घरी नारळ कधी फुटत नाही, तो वाढतो. देवापुढचा दिवा विझत नाही, त्याला निरोप दिला जातो. सौभाग्यवतीची काकणे पिचली तर ती ‘वाढवली’ म्हणायचे, आणि रात्री कोपऱ्यावरचा वाणी फळ्या लावून घरी निघाला, की त्यानेही दुकान वाढवलेलेच असते. तुमच्याही घरी असेच असणार. जो शब्द उच्चारला असता काही कमी झाले, तुटले, संपले असे वाटेल, त्याच्यावर आपण दुसऱ्या शब्दाचे पांघरूण घालतो. ऐकणारा ते अलगद उचलतो आणि आतला अर्थ घेतो. हे सारे इतक्या सराईतपणे चालते, की मध्ये पांघरूण होते हेही कुणाच्या ध्यानात राहत नाही.

माझ्या मात्र ते राहिले आहे. कारण वयाच्या सातव्या वर्षी त्या पांघरुणापायी मी घरी आलेल्या पाहुण्यांवर भाताविना जेवायची पाळी आणली होती.

मे महिन्याचे दिवस होते. ओसरीवर आजोबा सुपारी कातरत बसले होते आणि दारात तांदळाची पोती घेऊन नेहमीचा गाडीवाला उभा होता. आजीने स्वयंपाकघरातून मला हाक मारली आणि सांगितले, “जा रे, तुझ्या आजोबांना सांग, तांदूळ वाढले म्हणावं.” मी धावत सुटलो. माजघर ओलांडता ओलांडता मला वाटले, ही बातमी जरा नीट सांगायला हवी. ओसरीवर पोचताच मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, “आजोबा, घरात तांदूळ खूप झालेत!” आजोबांनी गाडीवाल्याला ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून वाटेला लावले. संध्याकाळी मुंबईची मंडळी आली, आणि आजीने तांदळाचा डबा उघडून त्याचा तळ सर्वांना दाखवला. त्या रात्री पाहुण्यांनी पिठले-भाकरी मोठ्या कौतुकाने खाल्ली, हा त्यांचा चांगुलपणा!

आजोबा रागावले नाहीत. निजताना ते एवढेच म्हणाले, “निरोप्यानं एकतर दोन्हीकडची भाषा जाणावी, नाहीतर एकाचीही जाणू नये. अर्धवट जाणणारा घात करतो.”

हे वाक्य मी पुढे कितीएक वर्षे विसरलो. मला त्याची आठवण करून दिली ती एका उलट्या तिरक्या रेघेने.

माझा धंदा नावांचा आहे. म्हणजे बारशाचा नव्हे, आणि पंचांग बघून आद्याक्षर काढण्याचाही नव्हे. इंटरनेटवरच्या संस्थांना जी नावे असतात, त्यांच्या नोंदी सांभाळण्याचे काम मी करतो. आपण ई-मेल पाठवताना नाव लिहितो. पण यंत्रांना पत्ते लागतात ते आकड्यांचे. नाव सांगितले की आकडा सांगणारी जी जगभर पसरलेली व्यवस्था आहे, तिला डीएनएस म्हणतात. पूर्वी सगळ्या यंत्रांची नावे एकाच यादीत मावत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती यादी ठेवली जाई आणि इतर सर्वजण तिची नक्कल उतरवून घेत. कुटुंब वाढले तशी एका चुलीवर भागेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही नवी व्यवस्था आखली. ज्याने त्याने आपापल्या घरची वही ठेवावी आणि विचारणाऱ्याला तीतून उत्तर द्यावे, असा तिचा साधा गाभा. १९८७ साली तिचे नियम पक्के झाले, आणि आजही कारभार मुख्यतः त्यांवरच चालतो.

या वहीत लिहायचे कसे, हेही त्या नियमांत सांगितले आहे, आणि खरी मौज तिथेच आहे. वहीत काही चिन्हांना मान दिलेला असतो. टिंब आले की नावाचा एक भाग संपला. अर्धविराम आला की पुढे लिहिणाऱ्याची स्वतःसाठी केलेली टीप. यंत्राने ती वाचायची नाही. कंस आला की नोंद पुढच्या ओळीवर चालू आहे. आता ही चिन्हे मजकुराचाच भाग म्हणून लिहायची असली तर? त्यासाठी एक युक्ती आहे. चिन्हाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ काढायची: \ अशी. तिचा अर्थ एवढाच, की ‘पुढच्या चिन्हाचा मान तूर्त बाजूला ठेवा, हे नुसते अक्षर समजा.’

ही रेघ संगणकाच्या वर्णमालेत आणली ती बॉब बेमर या अमेरिकन गृहस्थांनी, १९६१ साली. त्यांना ती हवी होती वेगळ्याच कामासाठी. एक सरळ आणि एक उलट अशा दोन रेघा जोडून तर्कशास्त्रातली दोन चिन्हे तयार व्हावीत, एवढाच हेतू होता. पण घरात आलेल्या सुनेला आपण जशी हळूहळू सगळीच कामे सांगू लागतो, तसे तिचे झाले. आज ही रेघ जिथे तिथे राबते आहे, आणि प्रत्येक घरात तिच्या कामाची रीत निराळी आहे.

ती रेघ आणखी एक काम करते. तिच्यापुढे तीन आकडे लिहिले, की ते एका अक्षराच्या जागी उभे राहतात. \०४६ म्हणजे टिंब, \०३२ म्हणजे मोकळी जागा. तारांचा जमाना पाहिलेल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. तारघरात शुभेच्छांची एक छापील यादी असे. तिच्यातला नुसता १ हा आकडा लिहिला की पलीकडे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा पोचत. ८ लिहिला की सुखी आणि दीर्घ वैवाहिक जीवनासाठी शुभचिंतन. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली आणि ते आकडेही गेले. पण त्यातली मेख लक्षात घ्या: दोन्ही तारघरांत यादी एकच हवी. डीएनएसच्या वहीतले आकडे आपल्या नेहमीच्या दशमान रीतीचे असतात. पण काही ठिकाणी, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसाच्या एका लेखनप्रकारात तर खासच, रेघेपुढचे तेच आकडे आठाच्या मानाने मोजतात. तिथे ०४६ म्हणजे अडतीस, आणि अडतिसावे अक्षर टिंब नसून ‘आणि’ या अर्थाचे इंग्रजी वेटोळे! दिवाळीच्या शुभेच्छांच्या जागी लग्नाच्या शुभेच्छा पोचाव्यात, तसलाच हा प्रकार.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला फारशी सोयीची नाही. पण दिवाळीच्या आधी घर झाडताना अडगळीचा कोपराही उजेडात येतोच.

पुष्कळ वर्षे आम्ही या वह्या साध्या मजकुराच्या फायलींत ठेवीत असू. मग गिऱ्हाइकांना आपापल्या नोंदी पडद्यावरून बदलता याव्यात, म्हणून त्या सगळ्या डेटाबेसात हलवायचे ठरले. फायलीतली ओळ वाचायची आणि तिचे तुकडे डेटाबेसाच्या खणांत ठेवायचे, असा एक लहानसा प्रोग्राम मी दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एका शनिवारी दुपारी लिहिला. चहा निवायच्या आत तो चालूही झाला. इतक्या लवकर चालू झालेल्या गोष्टीविषयी माणसाने सावध असावे, हे मला त्या वयातही कळत नव्हते!

आमच्या गिऱ्हाइकांत पुण्यातली एक शिक्षणसंस्था होती. बाहेरगावच्या मुलींसाठी ती वसतिगृह चालवते. प्रवेशाची पत्रे ई-मेलने जातात. आठ दिवसांत होकार आला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळते. अशा ई-मेलवर पाठवणाऱ्याची एक मोहोर असते, डीकेआयएम नावाची. मोहोर खरी की खोटी हे ताडून पाहण्याचा नमुना डीएनएसच्या वहीत ठेवलेला असतो. तो नमुना ‘व्ही=डीकेआयएम१;’ असा सुरू होतो आणि पुढेही त्यात अर्धविराम येतात. वहीत अर्धविराम म्हणजे टीप, म्हणून मी पूर्वी प्रत्येक अर्धविरामाआधी ती रेघ काढून ठेवली होती: \; अशी. मजकूर अवतरणचिन्हांत असला तर तिची गरज नसते. पण हाताला वळण पडलेले होते.

माझ्या प्रोग्रामने ती ओळ रेघांसकट उचलली आणि जशीच्या तशी खणात ठेवली. नवा सर्व्हर मात्र खणातला मजकूर शब्दशः खरा मानणारा होता. वहीतली रीत त्याला ठाऊकच नव्हती. कुणी मोहोरेचा नमुना विचारला की तो भाबडेपणाने रेघांसकट सांगू लागला. ऐकणाऱ्याला पहिला शब्द ‘डीकेआयएम१’ न मिळता ‘डीकेआयएम१\’ मिळू लागला. आणि २०११ चा नियम स्पष्ट आहे: तिथे दुसरे काहीही आढळले तर तो नमुनाच फेकून द्यावा. मोहोर खरी होती, पत्र खरे होते, पाठवणारे खरे होते. फक्त ओळख पटवणारा कागद एका रेघेने खोटा पडला.

सगळ्यांत वाईट गोष्ट पुढेच आहे. मी तपासले होते! सर्व्हरला प्रश्न विचारून उत्तर पडद्यावर पाहिले होते. तिथे अर्धविरामाआधी दोन रेघा दिसल्या. उत्तर दाखवणारी साधने स्वतःही शिष्टाचार पाळतात. मजकुरात खरी रेघ असली तर तिच्याआधी आपली एक रेघ काढून दाखवतात. म्हणजे दोन दिसल्या तर आत एक आहे. पण जुन्या साधनांत नुसत्या अर्धविरामाआधीही एक रेघ दिसत असे. माझ्या डोळ्यांना रेघांची सवय झाली होती. ‘हा दाखवण्याचा शिष्टाचार’ असे म्हणून मी पडदा मिटला. पांघरुणावर पांघरूण होते, आणि आत माणूस निजला आहे असे मी गृहीत धरले.

बारा-तेरा दिवसांनी संस्थेच्या चिटणीसांचा फोन आला. “जरा येऊन जाता का? एका मुलीचे वडील बसलेत माझ्यासमोर. आम्ही पत्र पाठवलंय, आणि यांना ते मिळालेलं नाही.”

मी गेलो. वडील सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातून रात्रभर एस. टी.ने आले होते. मांडीवर कापडी पिशवी, आणि शेजारी खाली मान घालून बसलेली मुलगी. मी तिचा फोन मागून घेतला. पत्र नको असलेल्या टपालाच्या ढिगात, बक्षिसाच्या भूलथापांच्या आणि औषधांच्या जाहिरातींच्या मध्ये पडले होते. मुदत परवाच संपली होती. जागा दुसऱ्या मुलीला देऊन झाली होती; तिने पैसे भरले होते, तिचे सामानही आले होते.

“स्पॅममध्ये गेलं म्हणजे काय, कुणाच्या हातात असतं थोडंच!” चिटणीस सहानुभूतीने म्हणाले.

वडिलांनी हात जोडले. “न्हय साहेब, पोरीनंच नीट बघूक नाय आसतला. चूक आमचीच.”

मुलीने मान आणखी खाली घातली.

मी तोवर माझ्या पिशवीतल्या संगणकावर ते उत्तर पुन्हा विचारले होते. दोन रेघा समोर होत्या, आणि या वेळी मला त्या दिसल्या. त्या क्षणी गप्प राहणे फार सोपे होते, हे कबूल करतो. खोलीतल्या तिघांनीही मला निर्दोष ठरवले होते. ‘असं होतं कधीकधी’ एवढे तीन शब्द पुरले असते. हे तीन शब्द आमच्या धंद्यात किती जणांच्या कामी आले आहेत, त्याची गणती नाही. पण ज्या माणसाचे काहीच चुकलेले नव्हते तो हात जोडून उभा होता, आणि मी खुर्चीवर बसलेलो होतो. माझ्याने ते सोसवेना.

“चूक तुमची नाही,” मी म्हणालो. “तुमच्या मुलीचीही नाही आणि संस्थेचीही नाही. माझी आहे.”

मग रेघेची सारी कथा मी सांगितली. ती कुणाला कितपत कळली कोण जाणे. चिटणीसांचा चेहरा बदलला, हे मात्र मला कळले. त्यांनी त्याच दुपारी आमच्याकडून पत्रे मिळालेल्या सर्व मुलींना फोन करायला माणूस बसवला. बाकीच्यांचे सुदैवाने निभावले. कुणी ढिगातून पत्र शोधून काढले होते, कुणाची मुदत उरली होती. प्रश्न राहिला तो या एकीचा.

मी जिन्यात येऊन घरी फोन लावला. सौभाग्यवतीने सगळे ऐकून घेतले. नेहमीप्रमाणे मधे बोलली नाही, तेव्हाच मी घाबरलो. शेवटी ती म्हणाली, “माळ्यावरची गादी माझ्याच्यानं निघायची नाही. तुम्ही येऊन काढा. आणि त्यांना म्हणावं, जेवायला घरीच या. आज भात जरा जास्त टाकते.”

अशा रीतीने ती मुलगी आमच्या घरी राहायला आली.

त्या रात्री जेवताना मी पुन्हा एकदा रेघ समजावू लागलो. तिचे वडील पाहुणे म्हणून ऐकत होते आणि सौभाग्यवती वाढता वाढता ऐकत होती. मी म्हणालो, चिन्हाला मान असतो, म्हणून ते उघडे उच्चारायचे नाही, आडून उच्चारायचे. तशी ती हसून म्हणाली, “म्हणजे उखाणाच की हो! नवऱ्याचं नाव उघडं घ्यायचं नाही, उखाण्यातून घ्यायचं.”

“अगदी बरोबर!”

“आणि तुम्ही काय केलंत? रेशनकार्डावर नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात आख्खा उखाणा लिहून ठेवलात!”

मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मी मात्र भाताचा घास हातात घेऊन तसाच राहिलो. तीस वर्षांच्या नोकरीत मला जे एका वाक्यात सांगता आले नव्हते, ते हिने आमटी वाढता वाढता सांगितले होते. रकान्यात नाव लिहायचे, उखाणा नव्हे. उखाणा चारचौघांत नाव घ्यायच्या वेळी, त्या घरच्या रीतीप्रमाणे, आणि एकदाच.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळी घडी नव्याने बसवली. फायलीतली ओळ वाचतानाच रेघा उतरवायच्या आणि खणात निव्वळ मजकूर ठेवायचा. डेटाबेसाला मजकूर देताना तो आज्ञेच्या वाक्यात चिकटवून द्यायचा नाही, वेगळा हातात द्यायचा. कारण मायएसक्यूएलसारखा डेटाबेस वाक्यातल्या रेघेचा आपला निराळाच अर्थ लावतो आणि पुष्कळदा ती गिळून टाकतो. रेघ जास्त झाली तर काय होते ते मी पाहिले होते. नाहीशी झाली तरी अनर्थच. वहीच्या पहिल्या नोंदीत कारभाऱ्याचा ई-मेलचा पत्ता असतो आणि त्यातल्या @ च्या जागी टिंब लिहितात. नावातच टिंब असले तर त्याच्याआधी रेघ हवी. ती गळाली, की नाव आणि आडनाव यांमध्येच @ येऊन बसते आणि पत्र भलत्याच घरी जाते.

आणि एक गोष्ट मला नव्याने उमगली, जी मला अनेक वर्षे पाठ होती. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला प्रत्यक्ष उत्तर पाठवते, तेव्हा त्यात टिंबे नसतात, अवतरणचिन्हे नसतात, रेघाही नसतात. आधी संख्या सांगायची, मग मोजून तितकी अक्षरे द्यायची: नावाच्या एका भागात फार तर ६३, मजकुराच्या एका तुकड्यात फार तर २५५. मोजून दिलेल्या लाडवांना कुठे संपले ते सांगावे लागत नाही. रेघ लागते ती फक्त आपण माणसे वाचणार-लिहिणार असतो तिथे. म्हणून आता मी पडद्यावर काय दिसते ते पाहत नाही, अक्षरे मोजतो. एक जरी जास्त भरले तरी थांबतो.

मुलगी आमच्याकडे चार महिने राहिली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी सौभाग्यवतीशी गप्पा. आजीची तांदळाची गोष्ट तिने माझ्याकडून तीनदा सांगवून घेतली. आजोबांचे वाक्य तिने वहीत लिहून ठेवले, अवतरणचिन्हांसकट; तिथे ती शोभतात. ऑक्टोबरात वसतिगृहातली एक खोली रिकामी झाल्याचे पत्र आले. या वेळी ते थेट समोरच्या पेटीत आले. दिवाळीची सुटी संपली की तिने परस्पर तिकडेच राहायला जायचे ठरले.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती गावी निघाली. सौभाग्यवतीने चकल्यांचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. चार महिन्यांचे सामान एका बॅगेत मावले, याचे मला उगीच वाईट वाटले. ती आम्हा दोघांच्या पाया पडली, चपला घातल्या, आणि उंबऱ्याबाहेर वळून म्हणाली, “काका, काकू, येते हं.”

निघणारा माणूस ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. त्यातली रेघ उतरवून आत काय वाचायचे असते, हे या वयात मला चांगले ठाऊक आहे. पण त्या दिवशी जिन्यावर तिची पावले उतरताना ऐकत मी ठरवले, की हा एक निरोप जसा आला तसाच खणात ठेवायचा.